पळणाऱ्या पोरीमागं घागरी

अण्णा गेल्यावर माझं पळणं सुटलं. पोलीस भरतीची जाहिरात निघाली, बरोबरीच्या मुली मैदानावर जायला लागल्या, आणि मी घरात बसून त्यांच्यावर जळत होते. पाय शिवशिवायचे. पण भीती वाटायची, आणि ती आईसाठी होती.

त्या दुष्काळात आमची जनावरं नेकनूरच्या अलीकडे, सहकारी दूध संस्थेनं चालवलेल्या चारा छावणीत होती. वडील, म्हणजे अण्णा, तिकडेच जनावरांजवळ बाज टाकून राहायचे. एका सकाळी छावणीतला एक माणूस पळत आमच्या दारात आला. त्याला दम लागला होता. तो बोलायच्या आधीच आईला कळलं. अण्णांच्या छातीत कळ आली आणि बाजेवरच सगळं संपलं होतं.

तेव्हापासून रस्त्यावर कुणाचे धावते पाय वाजले की आई हातातलं काम टाकून भिंत धरायची. शेजारची पोरं शिवाशिवी खेळायला लागली तरी तिचा चेहरा पांढराफटक पडायचा. अशा बाईच्या घरात राहून मला पळायचा सराव करायचा होता. हे तिला कुठल्या तोंडानं सांगणार?

आत्या येऊन वेगळंच ऐकवून गेली. बापाचं वर्षश्राद्ध झालं नाही आणि पोरगी रस्त्यानं उंडारते असं लोक म्हणतील, असं तिचं म्हणणं. लोकांना मी कधी जुमानलं नव्हतं. अण्णा सायकलला दुधाचे कॅन अडकवून संस्थेकडे निघायचे तेव्हा मी त्यांच्यापुढे पळायची, मंदावले की ते मागून घंटी वाजवायचे. लोक तेव्हाही नाकं मुरडायचे. मला काळजी होती ती घरातल्या एकीचीच.

शेवटी मीच मधला मार्ग काढला. आई उठायच्या आत निघायचं, गावातून चालत जायचं, शेवटचं घर मागं पडलं की चौसाळ्याच्या रस्त्याला लागून पळायचं आणि गाव जवळ आलं की पुन्हा चालायचं. पहिले काही दिवस नुसते हाल झाले. पोटऱ्या दगडासारख्या झाल्या, श्वास पुरेना. छातीत जरा टोचलं की अण्णांची बाज डोळ्यांपुढे यायची, आणि मी रस्त्याच्या कडेला उभी राहून छातीवर हात ठेवून वाट पाहायची. काही होत नाही असं वाटलं की पुन्हा सुरू. त्यात आई उठली असेल का, हा घोर वेगळाच.

एक दिवस मला परतायला उशीर झाला. गावात शिरले तेव्हा चांगलं फटफटलं होतं. आई उठून रिकामं अंथरूण बघेल या धास्तीनं मी चालायचं विसरले आणि गल्लीतून तशीच पळत सुटले.

आता आमच्या गावात त्या उन्हाळ्यात माणूस एकाच कारणानं पळायचं. टँकर यायचा काही नेम नव्हता. आला की तो आमच्या घरापलीकडच्या विहिरीत पाणी ओतायचा, आणि आधी पोचेल तिला नितळ पाणी, मागून येईल तिला गाळ. बायका उजाडल्यापासून घागरी घेऊन उंबऱ्यावर बसलेल्या असायच्या. मला पळताना पाहून एकीनं घागर उचलली. तिला पाहून दुसरीनं. कुणी काही विचारलं नाही, विचारण्यात नंबर जातो.

मागून पायांचा आणि भांड्यांचा आवाज आला तशी मी घाबरले. गावात काहीतरी झालंय असं वाटून आणखी जोरात पळाले. मी जोर धरलेला पाहून त्यांची तर खात्रीच पटली. अख्खी गल्ली माझ्यामागून आमच्या दाराकडे निघाली.

आई बाहेर आली ती अनवाणी, डोक्यावरचा पदर खांद्यावर पडलेला. अण्णा गेल्यापासून ती पहिल्यांदाच उंबऱ्याबाहेर पडली होती. तिनं माझे दोन्ही दंड धरले.

"कोण गेलं?" तिनं विचारलं.

मागच्या बायका जागच्या जागी थांबल्या. एक म्हातारी, जिला अजून काहीच कळलं नव्हतं, टँकर कुठं हाय म्हणून विचारत पुढे आली. टँकर नाही हे कळल्यावर ती वैतागली. "मग पळतीस कावून?"

"माय, कुणी न्हाई गेलं," मी आईला म्हटलं. "मी पळायला गेलते. भरतीसाठी."

बायका घागरी घेऊन परत गेल्या. मला रडू आवरेना. आता पळणं कायमचं बंद, हे मी मनाशी धरूनच चालले होते. संध्याकाळी आई चुलीपुढे बसून भाकरी थापता थापता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "जा पळायला. लई पळ. पर घराकडं तोंड झालं की चालत ये."

दुसऱ्या दिवशी तिला सांगून गेले. परतताना पाय मोकळे झाले होते, दमही टिकत होता, थांबायची अजिबात इच्छा नव्हती. तरी वळणावरून आमचं दार दिसलं तशी मी चालायला लागले. आई दारात उभी होती. मी हात मोकळे सोडून, जमेल तितकी सावकाश चालत गेले, कुणाला काही झालेलं नाही हे तिला लांबूनच दिसावं म्हणून.