आबांच्या दाढेवरची फुली

आता चहा घेतच आहात, तर माझी फजिती सांगूनच टाकतो. हसा, पण आबांना हसू नका. त्यांचा त्यात काही दोष नव्हता.

स्वातंत्र्याला पाचसहा वर्षं झाली असतील. मुंबईहून दातांचं शिकून मी जळगावात नुकताच दवाखाना टाकला होता. धुळ्याजवळच्या सोनगीरचे एक आबा लेकीकडे आले होते, ती त्यांना घेऊन आली. खालचे पुढचे दात शाबूत, दोन्हीकडच्या दाढा गेलेल्या. फक्त डावीकडे अगदी शेवटची एक उभी.

"भाकर चावता येस नही," आबा म्हणाले, "दूधमा कुस्करीसन खास."

मी काढघालीची कवळी करायचं ठरवलं. अशा कवळीचं सगळं गणित आधारावर असतं. चावण्याचा भार जमेल तितका उरलेल्या दातांवर यावा, नुसत्या हिरडीवर नाही. तारेच्या आकड्यांनी दात धरावेत, कवळी डुलू नये. आबांच्या डाव्या बाजूला पुढे सुळा, मागे ती दाढ. म्हणजे फळीला दोन्ही टोकांना टेकू. ती दाढ माझ्या लेखी सोन्याची.

तिला किडीचा एक बारीक ठिपका होता. आबा गावी निघालेले. म्हटलं, "आबा, धुळ्याच्या डॉक्टरांकडून एवढी दाढ भरून घ्या. ही चिठ्ठी दाखवा."

चिठ्ठीवर जबड्याचं चित्र काढलं. कवळी निळ्या पेन्सिलीनं, आणि सगळ्यात महत्त्वाच्या त्या दाढेवर ठळक लाल फुली. लिहिलं काहीच नाही. डॉक्टरची खूण डॉक्टरला कळते, असा माझा समज.

तीन आठवड्यांनी आबा आले. तोंड उघडलं, तर दाढ नाही.

"आबा, दाढ कुठे गेली?"

"धुयाना डाक्टरनी काढी टाकी."

माझा पारा चढला. बाहेर बाकावर चार पेशंट बसले होते, त्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात मी सुरू झालो. "भरायला सांगितली आणि काढली? त्याला पदवी कोणी दिली? तुम्ही तरी नको म्हणायचं ना?"

"मी सांगं ना भो. म्हणं, दुखत नही, भरी द्या. तो म्हणे, जळगावना डाक्टरनी इचार करीसनच लिखं व्हई."

"काय लिहिलं होतं मी?"

आबांनी खिशातून चिठ्ठी काढली. माझंच चित्र. माझीच लाल फुली.

आता काय सांगू? आमच्या धंद्यात दातावरच्या फुलीचा एकच अर्थ: हा काढा. कॉलेजात वर्षानुवर्षं मीही त्याच अर्थानं फुल्या मारल्या होत्या.

मी उठून दार लोटून घेतलं. "आबा, चूक माझी."

आबांनी चिठ्ठीची घडी घालून खिशात ठेवली. मग म्हणाले, "आते भाकरनं काय?"

नवा साचा घेतला, हिरडीवर रुंद बसेल अशी कवळी केली. मागचा टेकूच गेलेला, त्यामुळे ती जरा डुलायची. महिन्या-दोन महिन्यांनी आबा एसटीनं यायचे, मी घासून द्यायचो. पण भाकरी चावू लागले, आणि माझ्यावर राग धरला नाही.

उलट गावात माझं नाव केलं. सोनगीरहून एक जण गाल धरून आला, तेव्हा ते कळलं. मी विचारलं, "धुळं जवळ असताना इतक्या लांब का आलात?"

तो म्हणाला, "आबा सांगस, जळगावले बठीसन धुयामा दात काढस, इतला मोठा डाक्टर शे."

त्यानंतर तिकडून बरेच आले. सगळे दात काढायला. कवळीसाठी एकही नाही.