खंडेनवमीचा कोट

माझ्या सासरी देवापेक्षा जास्त सोवळं एका कोटाचं होतं. माझे सासरे, त्यांना मी मामंजी म्हणायची, पहिल्या जर्मन लढाईत समुद्रापल्याड इराकात, बसऱ्याला जाऊन आल्ते. निजामाच्या राज्यातला माणूस, पायी नगरला जाऊन इंग्रजाच्या फौजेत भरती झाला, आणि माघारी आला तो खाकी कोट, दोन मेडलं आणि बहिरा डावा कान घेऊन. कान तोफांनी नेला. पण कबूल करतील तर शपथ. म्हणायचे, "मला बराबर ऐकू येतं, तुम्हीच तोंडातल्या तोंडात बोलता."

कोट वर्षभर लोखंडी पेटीत असायचा, खंडेनवमीला बाहेर निघायचा. त्या दिवशी गाव विळे, कुऱ्हाडी, नांगर पुजतं. आमच्याकडं पाटावर कोटाची घडी, घडीवर मेडलं, आणि आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, कोटाच्या छातीवर कुंकवाचं बोट लावायच्या. कोट धुवायचा न्हाई असा दंडक. दरसालचं कुंकू त्याच जागी बसून तिथं तांबडाकाळा डाग पडला होता. नवी नवरी होते तेव्हा मला तो लढाईतल्या रक्ताचा वाटला. मी हळूच विचारलं तर आत्याबाई पोट धरधरून हसल्या.

माझे मालक त्यांचे एकुलते एक. दुसऱ्या लढाईत बापानंच त्यांना नगरला नेऊन सोडलं. लढाई संपली, इंग्रज गेला, मालक फौजेतच राह्यले, आता हिंदुस्थानच्या. आणि आम्ही इकडं अंबडच्या सडकेवर, निजामाच्या राज्यात. रजेवर यायचे तर साध्या कपड्यात, सरहद्दीवर पुसापुशी नको म्हणून. वर्दीतला नवरा मी भिंतीवरच्या फोटोतच बघितलेला. मामंजींची एकच इच्छा होती, पोरानं एकदा वर्दी घालून गावाच्या मधून चालत घरी यावं. तेवढं बोलताना त्यांचा आवाज खाली यायचा, न्हाईतर सगळं वरच्या पट्टीत.

मंग ते वाईट साल आलं. गावोगाव निजामाच्या बाजूच्या टोळ्या हत्यारं घेऊन फिरू लागल्या. त्यांचं नाव घ्यायचीही आम्हाला धास्ती. आम्ही नुसतं 'खाकीवाले' म्हणायचो, कारण त्यांचे कपडे खाकी असायचे. घरचा पोरगा हिंदुस्थानच्या फौजेत आहे हे त्यांना कळलं असतं तर आमच्या घराची राख झाली असती. फोटो मी भिंतीवरून काढून गोधडीत शिवला. राह्यला कोट. मी घुंगटातूनच आत्याबाईंना म्हणाले, चुलीत घालू. मामंजींना नेमकं ते ऐकू गेलं.

"आधी मला घाला चुलीत," ते म्हणाले. "मंग कोट."

शेवटी कोट पेवात गेला, जमिनीखालच्या त्या धान्याच्या खड्ड्यात, ज्वारीच्या पोत्यांखाली. पण माझ्या जिवाला काही स्वस्थता न्हाई. कुत्रं भुंकलं की मी दाराची कडी बघून यायची. भाकरी थापताना कान दाराकडं. एक दिवस खाकीवाले खरंच आले. गावात कोणीतरी सांगितलं होतं की म्हातारा फौजी आहे. त्यांना त्यांच्या पोरांना कवायत शिकवायला माणूस हवा होता. मामंजी बाजेवर बसले होते. त्यांनी डावा कान पुढं केला आणि म्हणाले, "काय म्हणता? मी ठार बहिरा हाय." जन्मात पहिल्यांदा कबूल केलं. ते लोक ओरडून ओरडून थकले, पुन्हा येतो म्हणून गेले. तेव्हापासून मला अन्न गोड लागेना.

भादव्यात बातमी आली की हिंदुस्थानची फौज जालन्याकडून सडकेनं येऊन राह्यली. बातमी आणली आमच्या शेजारच्या बागवानानं. तट्टावर पेरू लादून बाजार करणारा गरीब मुसलमान, आमच्या आत्याबाईंना आपा, म्हणजे थोरली बहीण, म्हणायचा. तो मामंजींच्या उजव्या कानाशी वाकून म्हणाला, "बाबा, आज घरातून हलू नका. फौज खाकीवाल्यांना धरून राह्यली. कोण कुठला, कोणी विचारत न्हाई."

मामंजींनी शेवटचं वाक्य ऐकलंच न्हाई, किंवा ऐकायचं नव्हतं. माझा पोरगा त्यात असंल, म्हणाले. उठले, पेवात उतरले, आणि कोट घालूनच वर आले. ज्वारीचे दाणे झटकले, मेडलं लावली, काठी बगलेत मारली.

फौज खाकीवाल्यांना शोधतेय आणि आमचा म्हातारा खाकी घालून तिच्यापुढं चाललाय. आत्याबाई गुडघ्यांनी अधू, दारातून ओरडल्या, "अहो, कोट काढा. ते तुम्हाला दुसरंच काही समजतील."

"फौजी फौजीला अंधारात बी ओळखतो," मामंजी म्हणाले आणि निघाले.

बागवान त्यांच्यामागं धावला. त्याच्यामागं मी.

सडकेवर मोटारी थांबल्या होत्या. कडेला काही माणसं डोक्यावर हात ठेवून उकिडवी बसवली होती. मामंजी सडकेच्या मधून छाती काढून चालले होते. डाव्या बाजूला एक जवान बंदूक रोखून ओरडला, "रुक जाओ." डाव्या बाजूला. मामंजी चालतच राह्यले. तो पुन्हा ओरडला. मामंजींचा उजवा हात वर उठू लागला, सलामीसाठी, आणि मला बंदुकीचा खटका ऐकू आला.

सासऱ्यापुढं मी कधी मोठ्यानं बोललेली न्हाई, अंगाला हात लावणं तर दूरच. त्या दिवशी डोक्यावरचा पदर कुठं गेला ठाऊक न्हाई, मी धावत जाऊन त्यांच्या दंडाला लटकले आणि त्यांना खाली ओढलं. आम्ही दोघंही चिखलात बसलो.

जवान आला. मिसरूड नुकतं फुटलेलं, माझ्या मालकांपेक्षाही लहान. मामंजी हिंदीत सांगू लागले, मैं भी फौजी, बसरा. फौजेतला नंबर म्हणून दाखवला, शिकवला होता तसा, ताठ मानेनं. त्या पोरानं मेडलाला नळीनं टोचलं. "किसका लूटा?"

मामंजींना ते बराबर ऐकू आलं.

मंग त्या पोराची नजर छातीवरच्या डागावर गेली. "ये खून किसका है?"

मीच एकदा तसं समजले होते. मी रडत म्हणाले, "कुंकू आहे, दादा. खंडेनवमीचं. आम्ही कोट पुजतो." त्यानं बोटानं डाग खरवडला, बोट उन्हात धरून पाह्यलं आणि मागं वळून ओरडला, "अपना है. छोड दो."

मी देवाला हात जोडले. सुटलो म्हणून मामंजींना उठवू लागले. पण त्यांचं लक्ष माझ्याकडं नव्हतं. आमच्यामागं धावलेल्या बागवानाला दुसऱ्या जवानानं धरून त्या रांगेत बसवलं होतं. त्याच्या अंगात साधी बंडी. खाकीचा एक धागा न्हाई. पण कुंकूही न्हाई.

मामंजी उठले, रांगेपाशी गेले आणि बागवानाच्या शेजारी उकिडवे बसले. दोन्ही हात डोक्यावर ठेवले.

"बाबा, आप जाव," जवान म्हणाला.

"ये मेरे गाव का है. मेरे वास्ते आया," मामंजी म्हणाले. "इसको छोडो, तो मैं जाता."

मला त्या म्हाताऱ्याचा असा राग आला म्हणून सांगू. सुंभ जळला तरी पीळ जात न्हाई, तशातली गत. हातात आलेला जीव परत टाकून बसले. ऊन चढलं, उतरलं. मी लिंबाखाली उभी राहून एकेका बंदुकीकडं बघत होते. शेवटी एक मोठा अधिकारी आला. त्यानं मामंजींचं मेडल उलटं करून वाचलं, काही विचारलं न्हाई, आणि दोघांनाही जा म्हणाला. वाटेत मामंजींनी कोट काढून हातावर घेतला.

त्या खंडेनवमीला पाटावर कोट ठेवला. आत्याबाईंनी कुंकवात बोट बुडवलं, तर मामंजींनी त्यांचं मनगट धरलं. "न्हाई," म्हणाले. "कुंकू नको आता. त्या पोरानं कुंकू ओळखलं. कोटाला कोट म्हणून ओळखलं असतं तर लावलं असतं."

दिवाळीच्या आत मालकांचा निरोप आला. राज्य आता आपलंच, मी वर्दीतच येतो, बाबाला सांगा. मी दारापुढं सारवलं, गोधडी उसवून फोटो परत भिंतीवर लावला. मामंजी सकाळपासून सडकेवर जाऊन बसले. जाताना काखेत एक धुतलेलं धोतर घेऊन गेले. मी समजले, उन्हात डोक्यावर घ्यायला नेलं असंल.

दुपारी बापलेक आले. मी दारामागं उभी होते, वर्दीतला नवरा बघायला. मालक बापाच्या धोतरात होते, पायात तेवढे फौजेचे बूट. वर्दी बोचक्यात बांधून मामंजींच्या खांद्यावर. मालक कुरकुरत होते, "बाबा, तुम्हीच तर म्हणायचे, वर्दीत ये."

"म्हणायचो," मामंजी म्हणाले आणि बोचकं माझ्या हातात दिलं. "पेटीत ठेव, सूनबाई. कोटाच्या खाली."