वारणानगरच्या वाचकबाई

आमच्या मंडळाचा इतिहास कुणी विचारला की सगळे सरांकडे बोट दाखवतात. सर रंगवून सांगतात आणि लोक पोट धरून हसतात. मला कुणी विचारत नाही. माझ्या सांगण्यात हसायच्या जागा येत नाहीत.

नव्वदीच्या सुरुवातीला कोल्हापुरात आम्ही पाच जण विज्ञानकथांच्या नादाला लागलो. हायस्कुलात विज्ञान शिकवणारे सर, नंबरप्लेटा रंगवणारे पेंटर, रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवणारे दोघे भाऊ आणि राजारामपुरीतल्या टायपिंग क्लासात शिकवणारी मी. आमच्या गोष्टी कुठलाच मासिकवाला छापेना, म्हणून आम्हीच अंक काढायला घेतला. सर संपादक झाले. मी स्टेन्सिलवर टाइप करायचे, पेंटर मुखपृष्ठावर अंतराळयानं काढायचे, भाऊ सायक्लोस्टाइलचं हँडल फिरवायचे. रविवारी पेंटरांच्या दुकानात भडंग खात पिना मारल्या की अंक तयार. विकत कुणी घेत नसे, मग आम्ही वाटून टाकायचो. घेणारा आधी मुखपृष्ठ बघायचा, मग मागचं पान, मग आमची तोंडं.

घरी तर माझ्या लिहिण्याची थट्टाच होती. "तिकडं ग्रहावर पाणी हाय का बघतीस, हितं नळ येऊन गेला की," असं आई म्हणायची. मला वाहवा नको होती. आपण लिहिलेलं एका तरी माणसानं शेवटपर्यंत वाचलं, एवढं कळलं असतं तरी मला पुरलं असतं.

आणि मग ते पत्र आलं. वारणानगरहून, एका निवृत्त शिक्षिकेचं. साखर कारखान्याच्या कॉलनीत भावाकडे राहतात, काचबिंदूनं नजर गेलेली, घरातलं जे कुणी मोकळं असेल ते अंक वाचून दाखवतं आणि तेच पत्र लिहून देतं. म्हणून दर पत्राचं अक्षर वेगळं. त्यांचं नाव इथं लिहीत नाही, कारण ते कुणाचंच नाही. पत्रात माझ्या गोष्टीबद्दल लिहिलं होतं की गोष्ट आवडली, पण वाक्यं फार लांब आहेत, वाचणाऱ्याला धाप लागते.

मी वाक्यं आखूड केली. प्रत्येक वाक्य आधी मोठ्यानं म्हणून बघायचे, मगच कागदावर घ्यायचे. कॉलनीतल्या त्या खोलीत ते कसं ऐकू जाईल, याचा विचार करायचे. पुढच्या अंकात मी त्यांना उत्तर लिहिलं, त्यावर त्यांचं पत्र आलं आणि हे असं वर्षानुवर्षं चाललं. ती सगळी पत्रं मी माझ्या हातानं स्टेन्सिलवर टाइप केली आहेत. सरळ घरीच पत्र पाठवू का, असं मी एकदा सरांना विचारलं होतं. सर म्हणाले, "नको. त्यांचा भाऊ लई तापट हाय. माझ्या ओळखीचा एकजण अंक पोचवतोय, तेवढं बास." मीही मान डोलावली.

माझी एक गोष्ट तीन अंकांत क्रमशः आली. दूरच्या एका ग्रहावरच्या तळावर एक बाई एकटीच दिवा सांभाळत असते, आपली माणसं घेऊन गेलेलं यान परत यावं म्हणून. तिसऱ्या भागात यान येतं, असं मी लिहून ठेवलं होतं. दुसऱ्या भागानंतर वारणानगरचं पत्र आलं: 'ते यान परत आणू नका. त्या बाईला आता दिवा लावायचीच गोडी लागली आहे. ती कुणाची वाट बघणारी राहिलेली नाही.' मी ते पत्र टाइप करता करता थांबले. खरंच, ही गोष्ट लिहिणाऱ्या मला जे कळलं नव्हतं ते त्यांना ऐकून कळलं होतं. त्या रविवारी तिसरा भाग फाडून टाकला आणि नवा लिहिला. आजही कुणी माझं नाव काढलं तर त्याच गोष्टीवरून काढतं.

पुढं कॉम्प्युटर आले, टायपिंगचा क्लास ओस पडला, अंक ऑफसेटवर छापून येऊ लागला. एका रविवारी सर दुकानात येऊन म्हणाले, "वारणानगरच्या बाई गेल्या." मी सगळ्यांसमोर ओक्साबोक्शी रडले. पेंटर उठून बाहेर गेले. त्यांनाही सोसवत नाही, असं मला वाटलं. त्या अंकात मी बाईंवर मृत्युलेख लिहिला आणि पेंटरांनी त्याला काळी चौकट काढून दिली.

अंक हातात आल्यावर मी एसटीनं वारणानगरला गेले. बाईंच्या भावाला भेटावं, अंक द्यावा, त्या ज्या खोलीत ऐकत बसायच्या ती एकदा बघावी. कॉलनीत दुधाची किटली घेऊन निघालेल्या एका गृहस्थांनी हटकलं.

"कुणाकडं आलाय पावणं?"

मी नाव सांगितलं. त्यांनी आणखी दोघांना विचारलं. "त्या आडनावाचं हितं कोण न्हाय की. रिटायर झालं असतील, क्वार्टर सोडलं असंल."

मी अंक पिशवीत तसाच घेऊन परत आले. पुढच्या रविवारी सगळ्यांना हे सांगितलं. रेडिओवाल्या भावांतल्या थोरल्यानं माझ्यापुढं चहा सरकवला. सर म्हणाले, "क्वार्टरचं असंच असतंय, बाई." तेव्हा तरी एकानं तोंड उघडायचं होतं.

मग अंकाला बरीच वर्षं झाली म्हणून समारंभ ठरला. हॉल घेतला, स्मरणिका काढली. मी नवी साडी नेसून पहिल्या रांगेत बसले. सर मंडळाचा इतिहास सांगायला उठले.

"पहिल्या वर्षी वाचकांचं एक पत्र येईना. अर्धं पान मोकळं पडलेलं. मग आम्ही काय केलं? आम्ही एक वाचकबाईच तयार केली!"

लोक हसले. मीही हसले. क्षणभर मला वाटलं, दुसऱ्या कुणाचं तरी सांगतायत. तेवढ्यात सर माझ्याकडं हात करून म्हणाले, "आणि आमच्या या बाई तिच्या घरी भेटायला वारणानगरला जाऊन आल्या!" हॉल दणाणून गेला. मी मांडीवरची स्मरणिका उघडली. माझा मृत्युलेख त्यात पुन्हा छापला होता, 'आमच्या गमतीजमती' या सदरात. काळी चौकटही तशीच होती.

केसानं गळा कापणं म्हणतात ते मला त्या खुर्चीत कळलं. परक्यांनी फसवलं असतं तर मी भांडले असते. हे माझे रविवार होते.

कार्यक्रम संपल्यावर स्टेजच्या मागं चौघे माझ्याभोवती जमले.

"मनावर घेऊ नका, बाई," सर म्हणाले. "ते ठरलं त्या दिवशी तुम्ही नव्हता. तुमच्या भणीचं लग्न होतं. मग तुम्ही असं मनापासून उत्तर लिवलं की सांगायचा धीरच झाला न्हाय."

"मी म्हटलोतो सांगूया म्हणून," पेंटर पुटपुटले.

"मग सांगितलं का नाही?"

पेंटर पडद्याची दोरी सोडवू लागले.

"पत्रं कोण लिहायचं?" मी विचारलं.

"आळीपाळीनं," धाकटा भाऊ म्हणाला. त्याला अजून हसू येत होतं. "मी तर गोष्ट न वाचताच लिवायचो. दादा सांगायचा आत काय हाय ते, की मी लिवून मोकळा."

त्याच्या कानाखाली एक ठेवून द्यावी असं वाटलं. पण मला आणखी एक विचारायचं होतं, आणि त्याच्यासाठी मी राग गिळला. बाई खोट्या असतील, त्यांचा भाऊ खोटा, खोली खोटी. पण यानाचं ते पत्र कुणीतरी लिहिलं होतं. ज्यानं लिहिलं त्यानं माझी गोष्ट खरी वाचली होती. ह्या चौघांत एक जण तरी माझा वाचक होता.

"दिव्याच्या गोष्टीवरचं पत्र कुणाचं?"

ते एकमेकांकडं बघू लागले. कुणाला आठवेना. मग सर पुढं आले आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, "ते मी लिवलं होतं, बाई. शपथ."

"काय लिहिलं होतं, सर?"

"हेच की," सर म्हणाले. "यान परत यायला पाहिजे. एवढी वाट बघितली त्या बाईनं, तिची माणसं यायलाच पाहिजेत."

"हो सर," मी म्हटलं. "तेच होतं."

आणि मी माझ्या चपला शोधू लागले.