नाव घातलेला लॅपटॉप

मिसरूड फुटल्यापासून भाऊराव खामगावच्या भांडेबाजारात ताटवाट्यांवर नावं घालत आले होते. कोरायचं मशीन हातात घेण्याआधी ते प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावत, "पाह्यून घ्या. नाव टाकल्यावर भांडं वापस होत नाही."

लेक महामाया अमरावतीला इंजिनिअरिंगला लागली, तेव्हा बापलेक जुने लॅपटॉप विकणाऱ्या दुकानात गेले. तिला काळा, प्लास्टिकचा पसंत होता. तो चालतही झपाझप होता. भाऊरावांनी दोनतीन लॅपटॉप बोटाने वाजवून पाहिले आणि पत्र्याचा उचलला.

"होस्टेलात वस्तूले पाय फुटतात, माय. याच्यावर नाव टाकता येते."

बापाचा फुललेला चेहरा बघून महामायाने काळा लॅपटॉप परत ठेवला. बिघाड निघाला तर आठवड्यात बदलून देईन, असा शब्द दुकानदाराने दिला.

घरी येताच भाऊरावांनी झाकणावर वळणदार अक्षरं कोरली : कु. महामाया भाऊराव इंगळे. लग्नाच्या भांड्यावरही इतकं जीव ओतून त्यांनी कधी नाव घातलं नव्हतं.

आठवडा सरायच्या आत लॅपटॉप चालता चालता बंद पडू लागला. दुकानदाराने झाकणावरून बोट फिरवलं.

"भाऊ, बदलून देल्ला असता. पण हे नाव आता कोण घेईन?"

"हो," भाऊराव खाली बघत म्हणाले. "वापस होत नाही."

महामाया नुसता मोबाइल घेऊन अमरावतीला गेली. तिच्या आईने, जनकाबाईने, लॅपटॉप फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवला, लेकीच्या लग्नासाठी जमवलेल्या भांड्यांमध्ये. त्या सगळ्यांवर तेच नाव होतं, त्याच हातचं.