त्याच बाया दोनदा

माझ्या नणदेच्या जावयाइतका संशयी माणूस सगळ्या वऱ्हाडात सापडायचा नाही. जेवायला बसवलं की हा वरण तळापासून ढवळल्याशिवाय चाखत नाही. म्हणे वरच्या थरावरून अख्खं पातेलं ठरवू नये. घरातल्या एका पोरीला स्थळ आलं, तिघांनी मुलाची तारीफ केली. यानं तिघांनाही गाठून विचारलं, "तुमाले कोणं सांगतलं?" तिघांनाही मुलाच्याच आत्यानं सांगितलं होतं. "मंग हे तीन मतं नाही, एकच झालं," म्हणाला आणि निवांत जिलेबी खाऊ लागला. त्या आत्याबाई आजही त्याचं नाव काढत नाहीत.

अमरावतीच्या एका कॉलेजात तो नोकरीला आहे. डॉक्टर म्हणवतो, पण रोगी तपासत नाही. एकाच औषधाची परीक्षा दहा ठिकाणी झाली, तर ते निकाल एकत्र करून औषधात दम आहे का, ते सांगतो. मी चौथी शिकलेली. मला वाटलं, बेरीज तर आहे!

गेल्या वर्षी मूर्तिजापूरला आमच्याकडे आला तो हवेतच. गुडघ्याच्या गोळीवरचा त्याचा लेख छापायला घेतला होता, आणि त्यावर विभागप्रमुखाची खुर्ची ठरल्यासारखीच होती.

"मामीजी, अकोल्याच्या बायांलेबी गुण, अमरावतीच्याबी बायांले गुण!" त्यानं गोळीचं नाव सांगितलं.

"जवाईबापू, त्या तर आमीच."

"आमी म्हंजे?"

"मूर्तिजापूरच्या निम्म्या बाया. अकोल्यालेबी आमीच, अमरावतीलेबी आमीच. दोनीकडं गोळी फुकट भेटते, एकाच जीपनं जातो."

"अन् दवाखान्यात सांगतलं नाही?"

"एका डॉक्टरचं नाव दुसऱ्याले कोण सांगते? चिडतेत ना ते!"

पोह्याचा घास त्याच्या तोंडात तसाच राहिला. चेहरा असा उतरला की मी घाबरले. त्याच्याकडे आकडे होते, नावं नव्हती; त्याच बाया त्यानं दोनदा मोजल्या होत्या. आमच्यासारख्यांच्या लपवाछपवीवर औषधं ठरतात, हे ऐकून मीही हादरले.

त्यानं दोन्ही डॉक्टरांना याद्या ताडून पाहायला लावल्या. दुबार नावं काढल्यावर गोळीचा गुण उरलाच नाही. लेख त्यानं स्वतःच परत घेतला. खुर्ची दुसऱ्याला गेली. नणदेनं फोनवर माझा उद्धार केला.

"मी तोंड मिटून बसली असती तं?" मी त्याला विचारलं.

"तं तुमी ते गोळी खातच राह्यल्या असत्या, मामीजी."

गोळी मी सोडली. गुडघा दुखतोच. दिवाळीला तो आला तेव्हा त्यानं माझा हात धरून मला एकेक पायरी जिना चढवला.