दादानं वर केलेले हात

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी गहू निवडत बसले होते. वहिनी म्हणाली, "वन्सं, तुमचे दादा उठून नाही राहिले." मी म्हटलं, "मग हलवून उठव की, नऊ वाजले." पलीकडं वहिनी रडायलाच लागली, तेव्हा कळलं... आता महिना उलटून गेलाय. भेटायला येणारे विचारतात, "उत्तमराव बॉक्सर होते म्हणे?" म्हणे काय म्हणे! होताच माझा भाऊ बॉक्सर, सत्तरच्या दशकातला, या हिंगोलीतला. तेव्हा इथं बॉक्सिंग म्हणजे काय हे सांगता सांगता आमच्या तोंडाला फेस यायचा. माय आपली शेजारणींना सांगायची, "बुक्क्यांची कुस्ती असती ती."

बा मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, हमाल होता, हळदीची पोती वाहायचा. त्याचं अंग, कपडे, घाम, सगळं पिवळं. त्यानं हट्टानं दादाला औरंगाबादला कॉलेजात घातलं आणि तिथं एका रिटायर्ड फौजी मास्तरांच्या नजरेत दादा भरला. अंगानं किडकिडीत, पण हात विजेचे. मास्तरांनी त्याला लाइटवेट गटात घेतलं. त्या गटाला साठ किलोच्या वर वजन चालत नसे. सुट्टीत घरी आला की दादा मोंढ्यातल्या काट्यावर जाऊन बसायचा, दुसऱ्या पारड्यात वजनं टाकायची आणि हमालांनी हसायचं, "अरे उत्तम, हळदीच्या पोत्यानं बी तुला हरवलं!" स्पर्धा जवळ आली की हा अर्ध्या भाकरीवर. माय कावायची, "काहून उपाशी मारून राहिला जिवाला? लोकं जेवून लढतेत, तू उपाशी लढ!" पण त्या उपाशी पोरानं विद्यापीठाचं पदक आणलं, मग राज्याचं. बानं ती पदकं गळ्यात घालून मोंढाभर मिरवली. पोराच्या नाही, स्वतःच्या गळ्यात.

पदकानं नोकरी मात्र मिळेना. बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता, घरात कमावणारा एकटा बा. त्यात हैदराबादचा एक ठेकेदार दादाला भेटला. तो पैशाच्या लढती भरवायचा. मास्तरांनी बजावलं, एकदा पैसे घेऊन लढलास की राज्याच्या संघाचं दार कायमचं बंद. दादानं दोन दिवस विचार केला आणि बनियन काढून ठेवलं. हौशी बॉक्सर बनियन घालून तीन फेऱ्या लढतात, हे धंदेवाईक उघड्या अंगानं आठ-आठ. दोन लढती दादानं जिंकल्या. तिसरी जिंकली की ठेकेदार त्याला वर्षभर मुंबई-कलकत्त्याला नेणार होता. हरला, तर हेही दार बंद. परत फिरायला जागाच नव्हती.

त्या तिसऱ्या लढतीला बा हैदराबादला निघाला, सोबत मोंढ्यातले चार हमाल. मीही हट्ट धरून गेले. पूर्णेला गाडी बदलून रात्रभर बसलो. बाच्या पिशवीत भाकऱ्या होत्या आणि त्यांच्याखाली काय होतं ते मला तेव्हा कळलं नाही. दादासमोर सिकंदराबादचा उंच पोरगा. पहिल्या तीन फेऱ्या त्यानं दादाला जवळच येऊ दिलं नाही. चौथ्या फेरीत दादा त्याच्या हाताखालून आत घुसला, एक बरगडीत, एक हनुवटीला... आणि तो पोरगा आडवा! पंच आकडे मोजायला लागला. दहा झाले की दादा जिंकला. पोरगं मान उचलत नव्हतं.

पण आमच्याकडं, बाळापूरच्या बाजूच्या फडांत, पाठ टेकली की कुस्ती संपली. मग कुणाची वाट बघायची? "पाडला रे पाडला!" म्हणत बा दोरातून आत घुसला, मागं चौघं हमाल. पिशवीतून गुलाल निघाला. पंचाच्या पांढऱ्या शर्टावर गुलाल, खाली पडलेल्या पोरावर गुलाल. पोती उचलणारी माणसं ती, त्यांनी दादाला सहज खांद्यावर घेतलं. पंच ओरडत होता, ठेकेदारानं कपाळावर हात मारला. लढत चालू असताना बॉक्सरची माणसं रिंगणात शिरली तर बॉक्सर बाद, असा नियम. लाउडस्पीकरवर इंग्रजीत तसं सांगितलंही. आमच्यात ते दोघांनाच कळलं, दादाला आणि तेव्हा मॅट्रिकला असलेल्या मला. दादानं खांद्यावरून माझ्याकडं बघितलं आणि हळूच मान हलवली... बोलू नकोस.

हिंगोलीच्या स्टेशनवर हलगी लावून मिरवणूक निघाली. माझा जीव नुसता तुटत होता. नंतर दादा एसटीच्या डेपोत कामाला लागला. बा कधी तरी विचारायचा, "परत काहून न्हाई लढत रे?" दादा म्हणायचा, "जिंकून सोडलं बा, आता बास." बा गेला तो पोरगा जिंकला याच आनंदात. ते चौघं हमालही आता नाहीत, म्हणून आज हे लिहिते आहे.

मागच्या दिवाळीत मी दादाच्या खोलीत बसले होते. खिडकीपाशी त्याची खाट, उशाला ट्रान्झिस्टर. वहिनी चहा ठेवून गेली आणि इतक्या वर्षांनी माझ्या तोंडून निघून गेलं, "दादा, तवा खांद्यावरून उतरून बाला का नाही सांगितलंस? तुझं सगळं गेलं रे त्यात."

"उतरणारच होतो विमल," दादा म्हणाला. "लई राग आला होता. वाटलं, बाप असला म्हणून काय झालं, आज सोडत नसतो याला. पण खाली पाह्यलं तर बा नाचून राहिला होता, दोन्ही हात वर करून. तू कधी पाह्यलंस आपल्या बाला नाचताना?"

मी नाही म्हणाले.

"मीबी न्हाई. तेवढंच एकदा," दादा म्हणाला. "मंग मीबी हात वर केले."