घासलेला रुपया

नाणं नेहमी कडेला धरायचं, चेहऱ्यावर बोट टेकवायचं नाही, असं नाण्यांच्या दुकानदाराने सांगितल्यापासून बाबांच्या मागे राहिलेला चांदीचा रुपया मी चिमटीतच धरतो. तो अस्सल आहे का, किती जपलेला आहे, हे तपासून दर्जा देणाऱ्या कंपन्या असतात. परदेशातल्या कंपनीचा शब्द सगळीकडे चालतो, पण नाणं इतक्या लांब पाठवायला जीव धजत नव्हता. इथल्या कंपनीवर भरवसा ठेवावा, तर दुकानदार नाक मुरडायचा. आठवडाभर घोळ घालून शेवटी परदेशातली ठरवली.

आज पार्सल बांधायला बसलो, तर डबीतला रुपया लखलखत होता.

"मंजनाने घासला," आई म्हणाली, "लक्ष्मीपूजनाची भांडी घासते ना, तसाच. परक्यांकडे काळवंडलेला कसा पाठवायचा?"

तो काळा थरच जपायचा असतो. घासलेल्या नाण्याला आता कुठलीच कंपनी चांगला दर्जा देणार नव्हती.

तिला काय बोलणार? बाबांना मोठ्या डॉक्टरांकडे न्यायच्या दिवशीही तिने त्यांची दाढी केली होती, पावडर लावली होती, इस्त्रीचा सदरा घातला होता. "चेहरा तर छान टवटवीत आहे," डॉक्टर म्हणाले होते, आणि ती केवढी खूश झाली होती. माया करायची तिची रीतच ती.

"पहिला नंबर येईल ना रे?" तिने विचारलं.

"येईल की."

आता रुपया कसाही धरला असता तरी चाललं असतं. मी तो कडेलाच धरला.